जुनी बोलेरो: कूलंट कमी होतंय, खाली थेंब नाही (नाशिक)

आडगाव_नाका
२००७ ची बोलेरो डीआय, १ लाख ९० हजार किमी. आठवड्याला साधारण ३०० मिली कूलंट कमी होतंय. पार्किंगची फरशी कोरडी. टेंपरेचरचा काटा मध्यावर, कसारा घाट चढतानाही हलत नाही. डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ. गॅरेजने आधी वॉटर पंप बदलला, मग रेडिएटरचा कोअर (आतली जाळी). फरक शून्य. आता 'हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडावं लागेल' म्हणतात. रनिंग आठवड्याला ४०० किमी, म्हणजे इंजिन दहा-बारा तास चालू. हेड उघडण्याआधी काय काय तपासून घेऊ?

पाना_बारातेरा
हेडला सध्या कोणाला हात लावू देऊ नका. दोन पार्ट अंदाजाने बदलून झाले, तिसरा अंदाज सगळ्यात महाग आहे.

आधी हिशेब करू. एक मिली म्हणजे साधारण २० थेंब, म्हणजे ३०० मिलीचे ६००० थेंब. इंजिन आठवड्यात दहा तास चालतं, तर तासाला ६०० आणि मिनिटाला १० थेंब झाले. मिनिटाला दहा थेंब गरम लोखंडावर पडले तर जमिनीवर काही येत नाही, जागच्या जागी वाफ होते. बाकीचं पंख्याची हवा उडवते. त्यामुळे खाली ओल नाही म्हणून 'इंजिन पाणी पितंय' असं ठरवणं चुकीचं आहे.

आता एक बघा: गळते कधी? इंजिन थंड असताना, गरम होऊन दाब चढल्यावर, की फक्त इंजिन फिरत असताना? इंजिन गार असताना गळणारे वेगळे असतात: क्लॅम्प, होजची तोंडं, रेडिएटरचा ड्रेन कॉक. दाबाखाली गळणारे वेगळे: रेडिएटरच्या टाकीचा जोड, थर्मोस्टॅटचं (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हचं) हाउसिंग, वेल्श प्लग (ब्लॉकमधली पत्र्याची बुचं), हीटर. फिरताना गळतो तो बहुतेक पंपाचा सील, आणि सर्वात शेवटी हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील).

दोन दिवस द्या. सकाळी गार इंजिन, सपाट जागा, रेडिएटर गळ्यापर्यंत भरा, रेडिएटरला जोडलेल्या जादा कूलंटच्या बाटलीवर मार्करने रेघ मारा. बंपरपासून गिअरबॉक्सपर्यंत खाली पुठ्ठा अंथरा आणि चाकांच्या खुणा त्यावर काढून ठेवा, म्हणजे डाग कुठल्या पार्टच्या खाली आला ते नंतर कळतं. २४ तास गाडी हलवू नका. दुसऱ्या दिवशी पातळी बघा, मग जागेवरच अर्धा तास चालू ठेवा, पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा बघा. भर घालताना एक लिटरच्या बाटलीवर खुणा करून मोजूनच घाला. 'थोडंसं टाकलं' हा आकडा होत नाही.

गोदाकाठ
रेडिएटरच्या टोपणाबद्दल कोणी बोललंच नाही. त्यावर आकडा काय कोरलाय? आणि गाडी गार झाल्यावर वरची मोठी होज चपटी होते का?

टोपणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा दाब धरतो. ०.९ (बार) लिहिलं असेल तर सुमारे १३ पीएसआयला उघडतो. मधला छोटा उलट्या दिशेचा: इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा तो उघडून बाटलीतलं कूलंट परत ओढून घेतो. मोठा ढिला पडला की कूलंट बाटलीत जातं आणि बाटली ओसंडते. छोटा चिकटला की होज आत ओढली जाते, बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा. म्हणून फक्त बाटली बघणाऱ्याला कधी कळत नाही.

बाटलीची बारीक नळी पण बघा. ती पातळीच्या वर कुठे चिरली असेल तर पोकळी कूलंटऐवजी हवा ओढते. थेंबभरही बाहेर पडत नाही आणि रेडिएटर उतरत जातो.

आडगाव_नाका
टोपणावर ०.९ आहे. होज चपटी होत नाही. रेडिएटर दर वेळी गळ्यापर्यंत भरलेला मिळतो, उतरते ती बाटलीच. नळी काढून फुंकली, चिरलेली नाही.

पाना_बारातेरा
मग टोपणाचा उलटा व्हॉल्व्ह ठीक आहे आणि हवा आत जात नाही. जे जातंय ते सिस्टीममधून बाहेर जातंय, बाटली फक्त भरपाई करतेय. पंप आणि कोअर बदलण्याआधी एवढं बघायला दहा मिनिटं लागली असती.

सातपूर_शिफ्ट
पाना काका, तरी मला हेड गॅस्केटच वाटतं. जुनं डिझेल, बाहेर काही नाही, कूलंट कमी. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का, विचारा त्यांना.

मीटरवाली
शिफ्टभाऊ, संशय घ्या, पण तपासायला हेड उघडायची गरज नाही. चार गोष्टी बघायच्या.

एक. रात्रभर गार झालेलं इंजिन, टोपण काढून चालू करा. थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गळ्यात स्थिर पाणी दिसायला हवं. भरताना अडकलेली हवा पहिल्या मिनिटात थोडी येईल, ती सोडून द्या. रेस दिल्यावर सतत, एका तालात बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरचा गॅस कूलंटमध्ये जातोय.

दोन. टोपण लावून गार इंजिन चालू करा आणि वरची होज दाबत राहा. दाब गरम होण्याबरोबर हळूहळू चढायला हवा. एक-दोन मिनिटांत, होज अजून कोमटसुद्धा नसताना ती दगडासारखी कडक झाली तर तो दाब उष्णतेचा नाही, सिलिंडरचा आहे.

तीन. गॅस टेस्टर. रेडिएटरच्या तोंडावर बसतो, त्यात निळं द्रावण असतं. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड त्यातून गेला की पेट्रोलला पिवळं होतं, डिझेलला हिरवट. रेडिएटरची पातळी आधी दोन बोटं खाली घ्या, कूलंट नळीत ओढलं गेलं तर द्रावण वाया. आणि डिझेलला आयडलवर ही टेस्ट अर्धवट होते. डिझेल आयडलला गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतं, त्यामुळे धुरात कार्बन डायऑक्साइडच कमी असतो. आधी लोडवर फिरवून आणा, पूर्ण गार होऊ द्या, मग टोपण काढून टेस्टर बसवा आणि रेस धरून टेस्ट करा.

चार. ऑइल भरायच्या टोपणाखाली पांढरी साय. ही एकटी दिसली तर घाबरू नका. डिसेंबर-जानेवारीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दवामुळेही ती येते. डिपस्टिकवर साय आणि ऑइलची पातळी वाढलेली, असं दोन्ही असेल तर मात्र गंभीर.

धुराचं म्हणाल तर सकाळचा पांढरा धूर पाच मिनिटांत विरतो, ती वाफ किंवा न जळलेलं डिझेल असतं. गरम इंजिनवरही गोडसर वासाचा धूर राहिला तर कूलंट जळतंय.

टाकीवाला
बुडबुड्यांच्या आधी प्रेशर टेस्ट करून घ्या. नाशकात रेडिएटरचं काम करणाऱ्यांकडे हातपंपाचा टेस्टर असतो, द्वारका ते मुंबई नाका पट्ट्यात विचारा.

पद्धत अशी. इंजिन पूर्ण गार. रेडिएटर काठोकाठ, म्हणजे आत हवा कमी राहते आणि काटा लवकर बोलतो. टोपणाच्या जागी टेस्टर लावा, ०.९ पर्यंत पंप मारा, त्याच्या वर नको. १५ मिनिटं थांबा. काटा हलला नाही तर थंड गळती नाही. हळूहळू उतरला तर बारीक झिरप. झपकन उतरला तर पाणी दिसेलच.

गरम इंजिनवर केली तर इंजिन गार होताना काटा आपोआप खाली येतो. त्याला गळती समजू नका.

टेस्टर टोपणाची जागा घेतो, म्हणून या टेस्टमध्ये टोपण तपासलं जात नाही. ते वेगळ्या अडॅप्टरवर तपासून घ्या. गळ्याच्या आतली बैठक पण बोटाने चाचपा. तिला खोच असेल तर नवं टोपणही दाब धरत नाही. आणि दाब धरत नाही म्हणून ०.९ च्या जागी १.१ चं लावू नका, जुन्या गाडीत मग पुढचा अशक्त जोड सुटतो.

एक विनंती. जुन्या टोपणाला भोक पाडून ट्यूबचा वॉल बसवून घरगुती टेस्टर करतात. सायकलच्या पंपाने ठीक. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरला जोडू नका. त्याच्या टाकीत १०० पीएसआयच्या वर हवा असते, रेडिएटरला १३ हवेत. प्लॅस्टिकची टाकी एका सेकंदात उघडते.

आडगाव_नाका
आज केलेलं सगळं:
२४ तास उभी ठेवली. पातळी बोटभरही उतरली नाही, पण खालच्या होजच्या रेडिएटरकडच्या तोंडाला सकाळी ओल होती. पुठ्ठ्यावर एक डाग, रुपयाएवढा.
बुडबुडे: पहिल्या मिनिटात चार-पाच, मग काही नाही. होज वेळेवर कडक झाली.
गॅस टेस्ट रेडिएटरवाल्याकडे, घाट फिरवून गार केल्यावर. द्रावण निळंच.
प्रेशर टेस्ट: ०.९ वरून १५ मिनिटांत ०.६. टोपण वेगळं तपासलं, ०.९ ला उघडतं.

सातपूर_शिफ्ट
ठीक आहे, हेड गॅस्केटवरचा माझा दावा मागे घेतो. निदान सध्यापुरता.

निफाडकर
खालच्या होजची ती ओल क्लॅम्पची आहे. आमच्याकडे थंडीत पारा खाली गेला की हा प्रकार घरोघरी. जुनी होज वर्षानुवर्षं गरम-गार होऊन चपटी बसते, तिचा ताण जातो. रात्री गार झाल्यावर रबर आकसतं, क्लॅम्प तेवढा आकसत नाही, तोंडाशी फट राहते. इंजिन तापलं की रबर फुगून बसतं आणि दुपारी गॅरेजवाला बघतो तेव्हा सगळं कोरडं.

स्क्रूचा क्लॅम्प आणखी आवळू नका. पट्टीच्या खाचा रबरात घुसतात आणि होज तिथेच फाटते. होज काढा, रेडिएटरच्या नळीवरचा पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने काढा, क्लॅम्प नळीच्या उंचवट्याच्या मागे बसवा. उंचवट्यावर बसवला की घसरतो. होज घेताना जुनी सोबत न्या, आतला व्यास मोजून घ्या. आणि होजच्या टोकापासून दोन-पाच सेंटीमीटरवर चिमटीत दाबून बघा. बाहेरून टणटणीत होज आतून विद्युत-रासायनिक क्रियेने लांब चिरते, तिथे बोटांना मऊ खळगा लागतो. मधली बाजू दाबून हे कळत नाही.

पाना_बारातेरा
क्लॅम्प नक्की बदला, पण धागा इथे बंद होत नाही. रुपयाएवढा डाग म्हणजे फार तर पाच-दहा मिली. रोज इतकं गेलं तरी आठवड्याचे साठ-सत्तर. तुमचे जातात ३००. आणि १५ मिनिटांत ०.३ उतरायला क्लॅम्पची ओल पुरेशी आहे का, हे क्लॅम्प बदलूनच कळेल.

नवीन क्लॅम्पवर पुन्हा ०.९ भरा. तरी उतरलं तर हीटर वेगळा काढा.

मीटरवाली
हीटरचं मी सांगते, कारण नाशकात लोक वर्षात पंधरा दिवस हीटर लावतात आणि बाकी वेळ तो विसरतात.

डॅशच्या मागे छोटा रेडिएटर असतो, इंजिनकडून त्याला दोन होज जातात. तो गळला की पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतं, फडक्याने पुसलं तरी चरे राहतात, गोडसर वास येतो, डावीकडची मॅट ओली होते. एसीचं पाणीही मॅटवर येतं, पण त्याचं कारण ड्रेनचा तुंबलेला पाइप असतो. बोटांवर चोळून बघा: एसीचं पाणी साधं, कूलंट बुळबुळीत. जिभेला लावू नका, कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

तपास सोपा. हीटरच्या दोन्ही होज फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीपाशी) काढा आणि त्यांची इंजिनकडची टोकं पितळी नळीच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. हीटर सिस्टीमच्या बाहेर गेला. पुन्हा प्रेशर टेस्ट. काटा टिकला तर चोर हीटर. उतरला तर हीटर निर्दोष. जुन्या हीटरच्या नळ्या नाजूक असतात, होज ओढून काढू नका. चिकटली असेल तर ब्लेडने लांबीत चीर द्या, होज स्वस्त आहे.

आडगाव_नाका
खालची होज आणि दोन्ही क्लॅम्प नवे. सकाळची ओल गेली. टेस्ट: १५ मिनिटांत ०.९ वरून ०.७५. हीटर बायपास करून पुन्हा: ०.७५ च. म्हणजे हीटर नाही. नव्या पंपाचं भोक पण बघितलं, कोरडं. आता कुठे बघू?

टाकीवाला
पंपाचं भोक बघितलंत हे छान. पंपाचा सील आणि बेअरिंग यांच्या मधे ते मुद्दाम ठेवलेलं असतं, सील झिजला की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. वाळलेला पुसट डाग चालतो, थेंब चालत नाही. आणि कोणी एम-सीलने ते बुजवलं तर बेअरिंग खाऊन पंखा रेडिएटरमध्ये घुसतो.

पाना_बारातेरा
आता एक्झॉस्टची बाजू. मिनिटाला दहा थेंब गायब करायला इंजिनमध्ये एकच जागा पुरते, मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांच्या) शेजारी. ब्लॉकच्या अंगात पत्र्याच्या वाटीसारखे गोल वेल्श प्लग ठोकलेले असतात. ब्लॉक ओतताना आत वाळूचा साचा असतो, तो काढायची ती भोकं, नंतर पत्र्याने बंद केलेली. पत्रा पातळ. कोणी वर्ष-दोन वर्ष साध्या पाण्यावर गाडी चालवली की तो आतून गंजतो. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि मधे सुईच्या टोकाएवढं भोक असतं.

करायचं ते असं. गार इंजिन, ०.९ दाब, हातात दाढीचा छोटा आरसा आणि पेन टॉर्च. मॅनिफोल्डच्या खालून आणि मागून ब्लॉकची भिंत बघा. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या पुढच्या भागाच्या) वरचा कोपराही बघा. ओल दिसेलच असं नाही, पांढरी-हिरवट-गुलाबी पापडी शोधा. पाणी उडतं, मीठ राहतं. टॉर्च आडवी धरा, सरळ धरलेल्या उजेडात पापडी दिसत नाही. दिसेनाच तर कूलंटचा यूव्ही डाय टाका, दोन दिवस चालवा आणि रात्री जांभळ्या टॉर्चने बघा.

आणि टेंपरेचरच्या काट्यावर विसंबू नका. सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच काटा खरा बोलतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो हवेत लटकतो आणि इंजिन जळत असतानाही काटा मध्यावर किंवा खाली दाखवतो.

गोदाकाठ
कसाऱ्यात तापली तर काय करायचं हेही लिहा कोणीतरी. रस्त्यात लोक बिसलेरी ओततात ब्लॉकवर.

निफाडकर
ब्लॉकवर ओतू नये, तडकतो. कडेला घ्या, एसी बंद, हीटर फुल गरम आणि फुल पंखा, कारण तोही एक रेडिएटरच आहे. बॉनेट उघडा. वाफ येत नसेल तर आयडलला चालू ठेवा, येत असेल तर बंद करा. टोपणाला किमान अर्धा-पाऊण तास हात नाही. नाशिक-इगतपुरी समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, उघड्यावर पाणी ९८ अंशालाच उकळतं. टोपणाच्या ०.९ दाबामुळे ते जवळपास ११८ पर्यंत थांबतं. ११० च्या पाण्यावरचं झाकण उघडलं की त्यातलं थोडं एकदम वाफ होतं आणि उकळतं पाणी घेऊन तोंडावर येतं.

आडगाव_नाका
सापडलं. मॅनिफोल्डच्या मागे, मधल्या वेल्श प्लगच्या खालच्या काठाला गुलाबी पापडी. ०.९ वर पाच मिनिटांत आरशात एक थेंब फुगताना दिसला. आता एकच प्लग बदलायचा की सगळे? आणि तोवर स्टॉप-लीक टाकून चालवू का?

पाना_बारातेरा
स्टॉप-लीक टाकू नका. जी पावडर सुईचं भोक बुजवते तिला हीटरच्या बारीक नळ्या आणि भोक यातला फरक कळत नाही. ड्रायव्हर लोक हळद टाकतात, रेडिएटरची गळती बारीक असेल तर ती घरी पोचवते हे खरं आहे, पण पोचल्यावर फ्लश करावंच लागतं, नाहीतर तळाशी गाळ बसतो. तुमची गळती मिनिटाला दहा थेंबांची आहे. आठवडाभर डिस्टिल्ड वॉटरची बाटली सोबत ठेवा, रोज सकाळी पातळी बघा आणि चालवा. घाट मात्र टाळा.

प्लग हाताला लागतील तेवढे सगळे बदला. एकाच वयाचे आणि एकाच पाण्यातले आहेत. मॅनिफोल्ड एकदा उतरवणार, दुसऱ्यांदा कशाला? गिअरबॉक्सच्या मागचा प्लग गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय लागत नाही. तो कोरडा असेल तर क्लचच्या कामापर्यंत राहू द्या.

मॅनिफोल्डच्या नटांना आदल्या रात्री आणि सकाळी गंज सोडवणारं स्प्रे ऑइल मारा. जबरदस्तीने फिरवलात तर स्टड तुटतो आणि तासाभराचं काम दिवसाचं होतं. मॅनिफोल्डचं गॅस्केट नवं आणून ठेवा.

टाकीवाला
प्लग काढताना लोक चुकतात ते इथे. मधोमध छिन्नी मारून आत ढकलायचा नाही, ब्लॉकच्या आत पडतो. एका काठावर बोथट पंच ठेवून हळू ठोका, तो भोकातच आडवा फिरतो. वळलेला काठ प्लायरने धरून बाहेर ओढा. चुकून आत गेलाच तर चुंबकाने काढा. पितळी असेल तर चुंबक धरत नाही, म्हणून ठोकायची घाई नको. आतला गंज आणि चिखल तारेने उकरून पाण्याने धुवा, प्लगच्या मागे नेहमी ढीग असतो.

भोकाची भिंत बारीक पॉलिश पेपरने गोल फिरवून साफ करा, लांबीत घासू नका. व्हर्नियरने भोक मोजूनच प्लग घ्या, 'बोलेरोचा द्या' म्हणून दुकानातून आलेला बसेलच असं नाही. मिळाला तर पितळी घ्या, गंजत नाही. काठाला गॅस्केट शेलॅक किंवा सीलंटचा पातळ थर. प्लगच्या आतल्या व्यासाला जवळचा सॉकेट लावा, सरळ ठोका, मूळ खोलीएवढा आत जाऊ द्या. तिरका बसला तर काढून फेका आणि नवा घ्या, सरळ करून पुन्हा बसवू नका.

सातपूर_शिफ्ट
मधे बोल्ट असलेला रबराचा फुगणारा प्लग मिळतो ना? मॅनिफोल्ड न काढता बसेल.

टाकीवाला
भाऊ, मिळतो. पण एक्झॉस्टच्या शेजारी रबर किती दिवस टिकेल? रस्त्यात अडकलात तर घरी येण्यापुरता ठीक.

मीटरवाली
सिस्टीम उघडलीच आहे तर कूलंटचं व्होल्टेज बघून घ्या. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल टोक रेडिएटरच्या गळ्यातल्या कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. ०.३ व्होल्टच्या वर आलं तर कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं संपलीत किंवा इंजिनची अर्थ वायर सडलीय. इंजिन बंद आणि चालू, दोन्ही वेळा मोजा. फक्त स्टार्टर किंवा दिवे लावल्यावर वाढलं तर अर्थ. ते सुधारल्याशिवाय नवे प्लगही खाल्ले जातील.

निफाडकर
भरताना काय घालायचं? आमच्याकडे बर्फ कुठे पडतो, म्हणून कूलंट कशाला, असं अजून म्हणतात.

मीटरवाली
म्हणूनच तर वेल्श प्लग गंजतात. बर्फ ही कूलंटची दुय्यम नोकरी आहे. मुख्य नोकरी गंज थांबवणं, पंपाचा सील ओला ठेवणं आणि उकळबिंदू वर नेणं.

कॉन्सन्ट्रेट घेतलं तर निम्मं ते आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, आधी बादलीत मिसळून. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार गरम जागी थर धरतात. प्रीमिक्सवर 'पाणी मिसळू नका' लिहिलं असेल तर खरंच मिसळू नका. हिरवं, गुलाबी, निळं हा नुसता रंग आहे, त्यावरून आतली केमिस्ट्री ठरत नाही. वेगवेगळ्या प्रकारांची मिसळ कधी कधी जेलीसारखी घट्ट होते. गाडीचं मॅन्युअल किंवा डब्यावरचा प्रकार बघा, आणि जुनं काढताना दोन-तीन वेळा साध्या पाण्याने, शेवटी डिस्टिल्डने धुवा. काढलेलं मोजून ठेवा, तेवढंच परत जायला हवं. कमी गेलं तर हवा अडकली.

पाना_बारातेरा
हवा काढायची अशी. गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर म्हणजे त्याचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. टोपण काढून हळू भरा, वरची होज हाताने दाबत-सोडत बुडबुडे काढा. चालू करा, आयडलला ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की वरची होज एकदम गरम होते आणि पातळी घसरते. भर घाला, टोपण लावा. दुसऱ्या दिवशी गार असताना पुन्हा बघा, पाव-अर्धा लिटर बसतं, ते गळालं असं समजू नका.

आणि हो, कोणी 'थर्मोस्टॅट काढून टाका, नाशिकचा उन्हाळा आहे' म्हणेल. काढू नका. बायपासवाल्या इंजिनात उघडलेला थर्मोस्टॅट बायपासची वाट बंद करतो. तो नसला की गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनमध्ये फिरतं आणि घाटात उलट जास्त तापतं. नवा बसवताना छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला, हवा तिथून निघते.

आडगाव_नाका
मॅनिफोल्ड उतरवून तीन प्लग बदलले, पितळी. मधल्याला सुईएवढी दोन भोकं, शेजारच्याचा पत्रा अंगठ्याने दबला. व्होल्टेज बंदला ०.४ होतं, अर्थ वायरचं टोक घासून आणि नवं कूलंट भरून ०.०८. प्रेशर टेस्ट ०.९, वीस मिनिटं जागचा हलला नाही. दहा दिवसांत दोनदा कसारा, एकदा नांदुरीहून सप्तशृंगी गड. पहिल्या सकाळी २५० मिली घातलं, नंतर रेघ जागेवर.

काढलेलं जुनं कूलंट सहा-सात लिटर आहे डब्यात. त्याचं काय करू?

गोदाकाठ
गटारात आणि झाडांना अजिबात नको. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात. झाकणबंद डब्यात, वर 'विष' लिहून, ज्या गॅरेजचं जुनं ऑइल अधिकृत गाडी घेऊन जाते तिथे विचारा. ऑइलमध्ये मिसळून मात्र देऊ नका, मग कोणीच घेत नाही. आणि पार्किंगच्या फरशीवर सांडलेलं असेल तर वाळू किंवा भुसा टाकून टिपून घ्या, आज रात्रीच; पाणी मारून गटारात सोडू नका.